शुगर पडते तेव्हा: स्वादुपिंडातल्या हार्मोनवाल्या गाठींची गोष्ट

लोकलमध्ये, एसटीत, जिममध्ये, नाहीतर भांडी घासता घासता, जिथे कुठे ऐकताय तिथे तुमचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे इथे लिहून काढलाय. बोलण्यातलं 'बघा', 'तर', 'म्हणजे' थोडं तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय शुगरचा. आता तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय? आपल्याकडे डायबेटिस नसलेलं घर शोधावं लागतं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणून 'शुगर' म्हटलं की आपल्या डोक्यात एकच दिशा असते, वर. शुगर वाढली, गोड बंद, भात कमी, सकाळी चालायला जा.

पण शुगर खालीही पडते. ती विनाकारण, परत परत पडत असेल, तर कधी कधी त्यामागे स्वादुपिंडात बसलेली हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ असते. त्याच स्वादुपिंडात दुसऱ्या प्रकारची गाठ झाली, तर तीच डायबेटिस घडवून आणते. हे आजार अगदी दुर्मीळ आहेत, हे आत्ताच सांगून ठेवतो. एपिसोड ऐकून कोणी घाबरून सोनोग्राफीच्या रांगेत उभं राहू नका. पण या गाठी समजून घेतल्या की साधा डायबेटिसही फार चांगला कळतो. आणि शेवटी घरात उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगणार आहे, तेवढ्या तरी ऐकाच.

एक अवयव, दोन धंदे

स्वादुपिंड, म्हणजे आपण ज्याला पॅनक्रियाज म्हणतो, ते जठराच्या मागे आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण आपल्या वितीएवढी किंवा थोडी कमी. ते इतकं आत, पाठीच्या कण्याला लागून असतं की पोट दाबून हाताला लागत नाही. म्हणूनच तिथलं दुखणं लवकर सापडत नाही.

या अवयवाचे दोन धंदे. मोठा धंदा पाचक रस बनवायचा. ते रस नळीतून आतड्यात जातात आणि चरबी, प्रथिनं, पिष्ट पचवतात. दुसरा धंदा हार्मोनचा, तो थेट रक्तात. हे काम पेशींचे छोटे छोटे पुंजके करतात. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने आपल्या प्रबंधात त्यांचं पहिल्यांदा वर्णन केलं. हे पुंजके नेमकं काय करतात हे त्याला उलगडलं नव्हतं. पुढे १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांना लँगरहान्सची बेटं असं नाव दिलं. पाचक रसाच्या समुद्रात विखुरलेली बेटं. संख्या साधारण दहा लाख, पण सगळी मिळून वजन स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के.

या बेटांवर वेगवेगळे रहिवासी आहेत. बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, ते साखर खाली आणतं. अल्फा पेशी ग्लुकागॉन बनवतात, ते साखर वर नेतं. लिव्हरने जी साखर साठवून ठेवलेली असते, ती सोडायला लावतं. आणि डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन बनवतात. तो सगळ्यांना 'जरा हळू' म्हणणारा हार्मोन.

आता हे गणित किती नाजूक आहे बघा. तुमच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त आहे. साखर १०० असेल, म्हणजे १०० मिलीलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. तर एकूण रक्तात साखर किती? पाच ग्रॅम. एक चमचा! दिवसभर तुम्ही वडापाव खा, उपाशी राहा, पळा, झोपा, शरीर तो एक चमचा जवळपास एक चमचाच ठेवतं. साखर ८० च्या आसपास उतरली की बीटा पेशी हात आखडता घेतात. आणखी उतरली की ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन धावून येतात.

गाठ झाली म्हणजे काय होतं? तर बीटा पेशींचा एक गट स्वतःच्या मर्जीने वाढतो आणि इन्सुलिन सोडत राहतो. साखर ८० झाली, ६० झाली, ४५ झाली तरी तो थांबत नाही. 'पुरे' हा निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. या गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात.

इन्सुलिन सापडलं आणि मग हा आजार दिसला

१८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि कुत्र्याला डायबेटिस झाला. म्हणजे साखरेचा कारभार कुठून चालतो, हे तेव्हा कळलं. पण तिथला रस वेगळा काढायला आणखी तीस-बत्तीस वर्षं गेली. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी तो मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काढला, आणि कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. वजन जेमतेम तीस किलो उरलेला तो मुलगा सावरला. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी जणांना माहीत आहे.

इन्सुलिन द्यायला लागल्यावर डॉक्टरांना पहिल्यांदा दिसलं की डोस जास्त झाला तर काय होतं. दरदरून घाम, थरथर, भूक, मग बरळणं, मग फिट, मग बेशुद्धी. अमेरिकेतल्या अलाबामाचे सील हॅरिस नावाचे डॉक्टर टोरांटोला जाऊन हे बघून आले. आणि त्यांच्या लक्षात आलं, अरे, असे पेशंट तर आपण पाहिलेत. पण त्यांना तर कोणी इन्सुलिन टोचलेलं नव्हतं! १९२४ मध्ये त्यांनी मांडलं की शरीर स्वतःच जास्त इन्सुलिन बनवत असेल तर हेच होणार. म्हणजे औषध सापडल्यामुळे आजार ओळखता आला.

मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एक पेशंट आला. तो स्वतः डॉक्टर होता. त्याची साखर सारखी पडायची. विल्यम मेयो यांनी पोट उघडलं तर स्वादुपिंडात गाठ, आणि ती लिव्हरपर्यंत पसरलेली. तो वाचला नाही. पण लिव्हरमधल्या त्या गाठीचा अर्क सशांना टोचला, तेव्हा सशांची साखर पडली. गाठ इन्सुलिन बनवते याचा हा पुरावा १९२७ मध्ये छापून आला. आणि दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, टोरांटोतच रॉस्को ग्रॅहम या सर्जनने अशी गाठ काढलेली आणि पेशंट पूर्ण बरा झालेली केस प्रसिद्ध झाली. ज्या शहरात इन्सुलिन सापडलं, तिथेच जास्तीचं इन्सुलिन बनवणारी गाठ काढून माणूस बरा झाला.

फिट, बाधा की भूक?

आता इतिहास बाजूला ठेवू. एक केस सांगतो. ती कल्पनेतली आहे, पण त्यातली एकेक गोष्ट अशा पेशंटच्या बाबतीत खरोखर घडते.

समजा, कराडजवळच्या एका गावातल्या बाई. वय ४५, अंगणवाडीत काम करतात. डायबेटिस नाही, बीपी नाही. दीड-दोन वर्षांपासून सकाळी उठवलं की पटकन उठत नाहीत. नवरा हाक मारतो, "अगं ए, उठ की, सहा वाजले." त्या डोळे उघडतात पण भलतंच काहीतरी बोलतात. अंग घामाने ओलं. सासूबाई म्हणतात, "आधी चहा पाज तिला." गोड चहा पोटात जातो, आणि दहा-पंधरा मिनिटांत बाई एकदम ठीक. "काय झालं होतं?" विचारलं तर म्हणतात, "मला काही आठवतच नाही हो."

मग संकष्टीला असंच होतं. चंद्रोदयाच्या आधी भोवळ येते. नवरात्रात तर आकडी येते. कोणी म्हणतं अशक्तपणा, कोणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. दवाखान्यात फिटच्या गोळ्या सुरू होतात. त्या चालू असूनही झटके येतातच. मधल्या काळात बाईंना कळलेलं असतं की काहीतरी खाल्लं की बरं वाटतं. त्यामुळे रात्री उठून बिस्किटं खातात, वजन आठ-दहा किलो वाढतं. घरचे म्हणतात, "हिचं खाणं बघा, म्हणून सुस्ती येते."

इथे नेमकं काय चुकतंय? मेंदू चुकीच्या कारणाने तपासला जातोय. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो विसावलेल्या शरीराची जवळपास वीस टक्के ऊर्जा खातो, आणि ती मुख्यतः साखरेतून. साखर ५५ च्या खाली गेली की तो गडबडायला लागतो. दोन-दोन दिसणं, चिडचिड, विसर, दारू प्यायल्यासारखं बोलणं, फिट. ईईजी काढला, सीटी काढला, पण झटक्याच्या वेळी बोटाला सुई टोचून साखर बघितलीच नाही, तर आजार कायम लपून राहणार. या पेशंटचं निदान व्हायला काही वेळा वर्षंच्या वर्षं जातात, ती यामुळे. तपासणी काही कोटीची नाही. पन्नास पैशांची नसली तरी एका ग्लुकोमीटरच्या पट्टीची आहे.

ॲलन व्हिपल नावाचे न्यूयॉर्कचे सर्जन होते. १९३० च्या दशकात त्यांनी एक साधा नियम घालून दिला, तो आजही चालतो. तीन गोष्टी एकत्र हव्यात. एक, साखर पडल्याची लक्षणं. दोन, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी. तीन, साखर दिल्यावर लक्षणं जाणं. तिन्ही जुळलं तर पुढे शोध घ्यायचा. एकच जुळलं तर घाईने घाबरायचं नाही.

हा नियम आजच्या पिढीला फार उपयोगाचा आहे, का ते सांगतो. हल्ली डायबेटिस नसलेली मंडळीही दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावतात आणि मोबाइलवर ग्राफ बघत बसतात. रात्री तीन वाजता ६२ दिसलं की पोटात गोळा! पण तो सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. त्या दंडावर दाबून झोपलात तर आकडा खोटाच खाली जातो. शिवाय निरोगी माणसाची साखरही लांब उपवासात ७० च्या खाली जाऊ शकते. तेव्हा लक्षण नाही, बोटाची तपासणी नाही, तर नुसत्या ग्राफवरून स्वतःला इन्सुलिनोमा लावून घेऊ नका.

तीन दिवसांचा उपवास

संशय पक्का असेल तर हॉस्पिटलमध्ये दाखल करून उपवास करवतात. जास्तीत जास्त ७२ तास. पाणी चालतं, साखर नसलेलं पेय चालतं, बाकी काही नाही. साबुदाणा खिचडीवाला उपवास नव्हे! सोबत थोडं चालायला लावतात, ठरावीक वेळाने रक्त घेतात. निरोगी माणूस तीन दिवस निभावून नेतो, कारण त्याचं इन्सुलिन बंद होतं आणि शरीर चरबी जाळायला लागतं. गाठ असलेल्याची साखर मात्र बहुतेक वेळा ४८ तासांच्या आतच कोसळते. हे घरी करून बघायचं अजिबात नाही.

साखर ५५ च्या खाली गेली, लक्षणं दिसली, की त्या क्षणाचं रक्त सोन्याच्या मोलाचं. त्यात इन्सुलिन बघतात. साखर इतकी कमी असताना इन्सुलिन जवळपास शून्यावर यायला हवं. ते तसं नसेल तर गडबड आहे. सोबत सी-पेप्टाइड बघतात. बीटा पेशी आधी एक लांब साखळी बनवते आणि ती कापून इन्सुलिन तयार करते. कापताना जो तुकडा उरतो तो सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. म्हणजे इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी, तर ते इन्सुलिन बाहेरून टोचलेलं आहे. दोन्ही जास्त, तर ते शरीराने बनवलंय.

पण थांबा, इथे आणखी एक फसवं वळण आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या डायबेटिसच्या नेहमीच्या गोळ्या बीटा पेशीलाच इन्सुलिन सोडायला लावतात. त्यामुळे चुकून अशी गोळी पोटात गेली तर रिपोर्ट अगदी इन्सुलिनोमासारखा येतो. आजीच्या डब्यातली गोळी आपली समजून घेतली, मेडिकलमध्ये सारख्या नावाची दुसरीच गोळी मिळाली, हे होऊ शकतं. म्हणून चांगले डॉक्टर ऑपरेशनचा विचार करण्याआधी रक्तात किंवा लघवीत या गोळ्यांचा अंश आहे का ते बघतात, आणि घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी घेऊन यायला सांगतात. बाकीची कारणंही बघावी लागतात. रिकाम्या पोटी दारू, लिव्हर किंवा किडनी निकामी होणं, ॲड्रिनल ग्रंथीचा आजार, वजन कमी करायची ऑपरेशनं.

एवढं झाल्यावर गाठ शोधायची. सीटी, एमआरआय, दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी, खास पेट स्कॅन. क्रम महत्त्वाचा: आधी रक्तात सिद्ध करायचं, मग चित्रात शोधायचं. कारण या गाठी छोट्या. बहुतेक दोन सेंटीमीटरपेक्षा लहान, बोराएवढ्या.

आता चांगली बातमी. इन्सुलिनोमा वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होतो, आणि त्यातल्या दहापैकी जवळपास नऊ गाठी साध्या, म्हणजे न पसरणाऱ्या असतात. एकच गाठ असेल तर सर्जन ती वाटाणा सोलल्यासारखी अलगद काढतो. आपल्या कराडच्या बाई दुसऱ्या दिवसापासून सकाळी आपल्याआपण उठतात. फिटच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद होतात. ऑपरेशननंतर काही दिवस साखर उलट वाढते, कारण गाठ इतके दिवस काम करत होती म्हणून बाकीच्या बीटा पेशी झोपून गेलेल्या असतात. त्या जाग्या झाल्या की गाडी रुळावर येते. स्वादुपिंडाचा मोठा भाग काढावा लागला तर मात्र कायमचा डायबेटिस होऊ शकतो.

ऑपरेशन शक्य नसेल तर डायझॉक्साइड नावाचं जुनं औषध आहे. बीटा पेशीवर एक छोटा दरवाजा असतो. ग्लिमेपिराइड तो बंद करतं, म्हणून इन्सुलिन बाहेर पडतं. डायझॉक्साइड तोच दरवाजा उघडा धरतं, म्हणून इन्सुलिन अडतं. एकाच कडीची दोन टोकं!

ज्या गाठी डायबेटिस देतात

आता उलटी बाजू. गाठ अल्फा पेशींची झाली तर ग्लुकागॉनचा पूर येतो. ही ग्लुकागॉनोमा. साखर वाढते, पण डायबेटिस बहुधा सौम्यच असतो. खरी खूण कातडीवर असते. जांघेत, कुल्ल्यांवर, पायांवर, तोंडाभोवती लाल चट्टे येतात, त्यावर फोड येऊन सोलवटतात, एकीकडे बरे होतात आणि दुसरीकडे निघतात. जीभ लाल आणि झोंबणारी, वजन झपाट्याने कमी, रक्त कमी, पायाच्या शिरांमध्ये गुठळ्या. १९४२ मध्ये अशा चट्ट्यांचा आणि स्वादुपिंडाच्या गाठीचा संबंध पहिल्यांदा नोंदवला गेला, आणि १९७४ मध्ये नऊ पेशंटच्या नोंदींवरून पूर्ण चित्र स्पष्ट झालं. अशा पेशंटला बरेचदा आधी गजकर्णाची मलमं लावून झालेली असतात. म्हणून नवीन डायबेटिस, उतरणारं वजन आणि मलमांना न जुमानणारे फिरते चट्टे हे त्रिकूट लक्षात ठेवा. ही गाठ सापडते तेव्हा बरेचदा मोठी आणि पसरलेली असते, म्हणून लवकर ओळखण्याला किंमत आहे.

डेल्टा पेशींची गाठ आणखी दुर्मीळ, सोमॅटोस्टॅटिनोमा. 'जरा हळू' म्हणणारा हार्मोन जास्त झाला की सगळंच मंदावतं. इन्सुलिन कमी म्हणून डायबेटिस, पित्ताशय आकुंचन पावत नाही म्हणून खडे, पाचक रस कमी म्हणून तेलकट, चिकट शौच.

आणखी दोन गाठी साखरेशी थेट संबंध नसलेल्या. १९५५ मध्ये ओहायोच्या झोलिंगर आणि एलिसन यांनी अशा पेशंटची नोंद केली ज्यांचे अल्सर कशानेच बरे होत नव्हते. कारण गॅस्ट्रिन बनवणारी गाठ जठराला ॲसिडचा सतत हुकूम देत होती. आणि १९५८ मध्ये व्हर्नर आणि मॉरिसन यांनी दिवसाला काही लिटर पाण्यासारखे जुलाब करणाऱ्या गाठीचं वर्णन केलं. पोटॅशियम इतकं घसरतं की हातापायातली ताकद जाते.

या सगळ्या गाठींचं कुळ एकच, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. हा शब्द भारतात घरोघरी पोचला तो मार्च २०१८ मध्ये, इरफान खानने आपल्या आजाराचं नाव जाहीर केलं तेव्हा. स्टीव्ह जॉब्झलाही याच कुळातला, स्वादुपिंडाचा ट्यूमर होता. निदान २००३ मध्ये, ऑपरेशन तब्बल नऊ महिन्यांनी २००४ मध्ये, आणि मृत्यू ऑक्टोबर २०११ मध्ये. लोक याला सरसकट 'पॅनक्रियाजचा कॅन्सर' म्हणतात, पण नेहमीचा पॅनक्रियाजचा कॅन्सर पाचक रसाच्या नळ्यांमधून उगवतो आणि फार वेगाने जातो. हे कुळ बेटांवरचं, बहुधा सावकाश वाढणारं. रिपोर्टमध्ये कोणता शब्द आहे यावर उपचार आणि आयुष्याचा अंदाज दोन्ही बदलतं. म्हणून नातेवाइकांचा रिपोर्ट हातात आला की गूगल करण्याआधी तो शब्द नीट वाचा.

पसरलेल्या गाठींसाठीही आता बरंच काही आहे. सोमॅटोस्टॅटिनची नक्कल असलेलं ऑक्ट्रिओटाइड गाठीचे हार्मोन दाबतं. त्याच रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडलं की औषध थेट गाठीच्या पेशीवर जाऊन बसतं आणि तिथेच किरण सोडतं. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्टीत बनलं आहे, आणि मुंबईत परळला त्याच केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही उपचारपद्धत बरीच वर्षं चालू आहे. म्हणजे यासाठी परदेशीच जायला हवं असं नाही.

एक गोष्ट कुटुंबाची. काही जणांत या गाठी मेन-वन नावाच्या आनुवंशिक दोषामुळे होतात. त्या घरांत वारंवार मुतखडे, रक्तात कॅल्शियम जास्त, पिट्युटरीची गाठ असं काहीबाही भावंडांत सापडतं. तसं असेल तर डॉक्टरांना विचारलं नसलं तरी सांगा.

घरी काय लक्षात ठेवायचं?

पहिली गोष्ट. घरात डायबेटिसवाल्या माणसाची साखर पडली, तर ९९ वेळा कारण गाठ नसून औषध असतं. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, उपवास केला, इन्सुलिनचा डोस चुकला, किंवा किडनी थकली. 'बाबांची शुगर आता आपोआपच कमी राहते, गोळ्याही कमी केल्या' हे ऐकून पेढे वाटू नका. आधी क्रिएटिनिन तपासा. किडनी मंदावली की औषध अंगात साचतं.

दुसरी गोष्ट. साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी परत मोजा, कमी असेल तर परत द्या, मग पोळी किंवा बिस्किटं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. आणि गोळीत व्होग्लिबोज असेल, जे आपल्याकडच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांमध्ये असतं, तर साधी साखर पटकन लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. आजच आई-बाबांच्या गोळीचं पाकीट उलटून नाव वाचा आणि ग्लुकोजचा एक डबा आणून ठेवा.

तिसरी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, कांदा-चप्पल तर नाहीच नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर पडली असेल तर शुद्धीवर आल्यावरही हॉस्पिटलमध्ये न्या, कारण काही तासांनी ती परत पडू शकते.

चौथी. पन्नाशीनंतर अचानक नवीन डायबेटिस, घरात कोणाला नाही, आणि वजन वाढण्याऐवजी उतरतंय, तर स्वादुपिंड तपासण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. अशा वयात नव्याने डायबेटिस झालेल्या शंभरातल्या साधारण एकाच माणसाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो. नव्याण्णव जणांना नाही. पण त्या एकाला वेळेवर गाठायचा हा एक रस्ता आहे.

आणि शेवटची. कोणालाही उपाशीपोटी भोवळ, बरळणं, फिट येत असेल आणि गोड दिल्यावर बरं वाटत असेल, तर पुढच्या झटक्याला साखर मोजा. शेजारच्या काकांचं ग्लुकोमीटर मागून आणा, पण मोजा. आकडा, तारीख, वेळ लिहा. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, माणसाला सांभाळून. तो कागद आणि तो व्हिडिओ डॉक्टरांपुढे ठेवला की अर्धं निदान तिथेच होतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावातल्या कुणाला असे झटके येत असतील, ज्याला सगळे फिट किंवा बाधा म्हणतात, तर हा एपिसोड नक्की पाठवा. अर्थात हे सगळं माहितीसाठी आहे, कोणाचीही गोळी यावरून बंद किंवा सुरू करायची नाही, त्यासाठी आपले डॉक्टर. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी त्यातले काही घेऊ. तोपर्यंत, वेळेवर जेवा आणि काळजी घ्या. भेटूच!